काटासाहेबांचे अडीच किलो

काटासाहेब हॉस्पिटलमधून सुटले ते एकसष्ट किलो दोनशे ग्रॅम या वजनाला. डॉक्टरांनी तो आकडा घरी सोडण्याच्या कागदावर लिहिला, त्याभोवती गोल काढला आणि सांगितलं, की अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं हे तुमचं वजन, घरी गेल्यावर यावर लक्ष ठेवा. दुसरा एखादा पेशंट असता तर मुकाट्याने व्हीलचेअरमध्ये बसला असता. काटासाहेबांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि विचारलं, "काटा कोणता वापरला? शेवटची पडताळणी कधी झाली त्याची?"

डॉक्टर तरुण होते. त्यांनी शेजारच्या नर्सला हळूच विचारलं, की यांना आजची तारीख सांगता येते का. काटासाहेबांनी तारीख सांगितली, वार सांगितला आणि वॉर्डातल्या काट्यावरच्या शिक्क्याची मुदत संपून किती महिने झाले तेही सांगितलं.

साहेबांना काटासाहेब हे नाव बाजाराने ठेवलं होतं. तेहेतीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, आतून पोखरलेलं वजन, तागडीच्या दांडीला लावलेली बोटभर तार, हे सगळं त्यांना दुकानाच्या पायरीवरूनच दिसायचं. ते बाजाराच्या एका टोकाला दिसले की दुसऱ्या टोकाला दुकानदार गिऱ्हाइकाच्या पिशवीत चार बटाटे आपण होऊन जास्त टाकत. कुणाच्या दुकानात त्यांनी कधी पाण्याचा घोटही घेतला नाही. घरी मात्र याचा त्रास व्हायचा. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, चिमूटभर म्हणाल्या की हे विचारायचे, कुणाची चिमूट?

तर अशा माणसाचं हृदय दमलं. अकरा दिवस त्यांना हॉस्पिटलात काढावे लागले. आजाराबद्दल त्यांची फारशी तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्या झग्याबद्दल. झग्याच्या नाड्या पाठीमागे होत्या आणि त्यांतली एक तुटलेली होती. आणि तिथे त्यांना नाव नव्हतं. चौदा नंबर उठा, चौदा नंबर तोंड उघडा, चौदा नंबरला साफ झाली का. आयुष्यभर ज्यांनी वजनांवर नंबर ठोकले, त्यांच्या मनगटावर कुणीतरी नंबर बांधला होता. घरी येताना रिक्षात बसल्याबसल्या त्यांनी काकूंना सांगून टाकलं, की एकदा घरात पाऊल टाकलं की पुन्हा चौदा नंबर होणे नाही. वाटेल ते करीन, पण तिथे जाणार नाही. काकू म्हणाल्या, बरं. बरं म्हणताना 'वाटेल ते' या शब्दांकडे त्यांचं लक्ष गेलं नाही, हे पुढे त्यांनाच फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या. परगावच्या मुलीने फोनवरूनच त्यांची व्यवस्था केली होती. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी नऊला त्या घरी यायच्या, पुढचे सहा आठवडे. चाळिशीच्या, बुटक्या, खांद्याला भलीमोठी पिशवी आणि पायांत न वाजणारे बूट. बूट वाजत नाहीत हे साहेबांनी पहिल्या मिनिटात टिपलं. तपासणीला जाताना तेसुद्धा असेच बूट घालत.

सिस्टरनी घराची जी तपासणी केली ती पाहून साहेबांना निवृत्तीनंतर प्रथमच सहकारी भेटल्यासारखं वाटलं. त्यांनी बैठकीतली सतरंजी गुंडाळून कपाटावर टाकायला लावली, कारण तिच्या काठात पाय अडकतो. न्हाणीघरात प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. गोळ्यांची पुडकी मोकळी करून एकवीस कप्प्यांच्या डबीत वाटून दिली, सकाळ, दुपार, रात्र. काकूंना ब्लडप्रेशरचं यंत्र लावायला शिकवलं आणि तीन वेळा त्यांच्याकडून लावून घेतलं. काकूंचा हात पहिल्यांदा इतका थरथरत होता की यंत्राने साहेबांऐवजी काकूंचंच ब्लडप्रेशर दाखवलं असावं. मग सिस्टर साहेबांसमोर स्टूल घेऊन बसल्या.

हृदय म्हणजे पंप समजा काका, असं त्या म्हणाल्या. पंप दमला की पाणी मागे राहतं, आधी पायांत आणि मग छातीत. पाणी डोळ्यांना दिसायच्या आधी काट्यावर दिसतं. म्हणून रोज सकाळी उठलं की लघवीला जाऊन यायचं, काही खाण्याआधी, त्याच कपड्यांत वजन करायचं आणि वहीत लिहायचं. मीठ नावापुरतं. पाणी, चहा, सूप, सगळं मिळून दिवसाला दीड लिटर. आणि दोन दिवसांत किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढले, तर मला लगेच फोन.

"आणि फोन केल्यावर?" साहेबांनी विचारलं.

"औषध बदलून बघू. नाहीच उतरलं तर पुन्हा ॲडमिट."

त्या एका वाक्याने सहकारी हा शब्द साहेबांच्या मनातून गेला आणि सिस्टर पुन्हा तपासनीस झाल्या.

घरात काटा होता. गोल तबकडीचा, स्प्रिंगचा, वीस वर्षं जुना. मुलगी म्हणाली होती की बाबा, आता आकडे उजळणारे काटे मिळतात, पाठवते. साहेबांनी नकार दिला. ज्या यंत्राचं पोट उघडून बघता येत नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? या काट्याचं पोट त्यांनी दर वर्षी उघडून पुसलं होतं. तबकडीवर अर्ध्या अर्ध्या किलोच्या खुणा होत्या. मधले ग्रॅम साहेब नजरेने वाचायचे, आणि त्यांची नजर काय होती हे बाजाराला विचारावं.

पहिला आठवडा आदर्श गेला. वहीत एका खाली एक सुबक आकडे उतरले, प्रत्येकासमोर सही. साहेब खोलीतून दारापर्यंत आणि दारापासून खोलीपर्यंत दिवसातून सहा फेऱ्या मारत आणि प्रत्येक फेरी नोंदवत. न्हाणीघरातल्या खुर्चीवर मात्र ते बसत नव्हते. खुर्ची ओली करून बाहेर यायचे. सिस्टरनी दुसऱ्या भेटीत खुर्चीच्या पायांखालची कोरडी फरशी पाहिली आणि काही न बोलता टॉवेल खुर्चीवर अंथरला. दुसऱ्या दिवसापासून साहेब बसायला लागले. चोरी पकडण्याची ही पद्धत त्यांना मनापासून आवडली.

आता आजारी माणूस बरा व्हायला लागला की शेजाऱ्यांची प्रकृती बिघडते. समोरच्या दारात राहणारे निवृत्त पोस्टमास्तर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि आपण अठ्ठ्याहत्तरचे का झालो याचं त्यांच्याकडे एकच उत्तर होतं, पाणी. दीड लिटर ऐकून ते हबकलेच. अहो, झाडाला घालतात यापेक्षा जास्त, असं म्हणून त्यांनी रोज दुपारी, काकू आडव्या झाल्या की, आपल्या घरचा भरलेला जग आणायला सुरुवात केली. साहेबांना तहान लागलेलीच असायची. शिवाय पोस्टमास्तरांच्या जगातलं पाणी घरच्या मोजायच्या बाटलीत धरलं जात नव्हतं, आणि जे हिशेबाच्या भांड्यात नाही ते पाणी नाही, असा एक तर्क त्यांच्या मनात तयार झाला. हाच तर्क दुधात पाणी घालणाऱ्या एका गवळ्याने त्यांना चौदा वर्षांपूर्वी उलट्या बाजूने ऐकवला होता. तेव्हा त्यांनी त्याच्यावर खटला भरला होता.

दुसरे हितचिंतक म्हणजे तळमजल्यावरचे शिंपी. साहेबांचे पायजमे आजारपणात कमरेला ढिले झाले म्हणून ते माप घ्यायला वर आले, आणि पायजमा आत घेऊन परत देताना त्याच्या खिशात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी ठेवून गेले. तोंडाला चव नाही तर अंगाला औषध कसं लागणार, हे त्यांचं शास्त्र. पुडी रोज यायला लागली. काकू मिठाची बरणी कपाटात कुलुपात ठेवत होत्या आणि मीठ जिन्याने वर येत होतं.

नवव्या दिवशी काटा एकसष्ट आठशेवर थांबला. दहाव्या दिवशी बासष्ट तीनशे.

साहेबांनी काट्याकडे पाहिलं. आयुष्यभराच्या अनुभवावरून त्यांनी तात्काळ निदान केलं, की काटा खोटा आहे. हे निदान त्यांनी तेहेतीस वर्षांत हजारो वेळा केलं होतं आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघालं होतं. सवयीचा दोष.

शिस्तीचा माणूस असल्यामुळे त्यांनी काट्याला हात लावला नाही. खात्याला अर्ज केला. स्प्रिंग शिथिल झाल्याचा संशय असून प्रमाणित वजनांनी पडताळणी व्हावी. अर्ज पोस्टमास्तर स्वतः घेऊन गेले. निवृत्तीनंतर हातात सरकारी टपाल आल्यावर त्यांच्या चालीत जो फरक पडला तो पाहण्यासारखा होता. संध्याकाळी तेच उत्तर घेऊन आले. परिपत्रक क्रमांक सतरा अन्वये घरगुती वापराचे काटे पडताळणीस घेता येत नाहीत. परिपत्रकाची प्रत जोडली होती. खाली सही काटासाहेबांची.

साहेबांनी परिपत्रक दोनदा वाचलं. भाषा निर्दोष होती, पळवाट कुठेही नव्हती. थोडा वेळ त्यांना अभिमानच वाटला. मग त्यांनी त्याविरुद्ध अपील लिहायला घेतलं. मुद्दा असा, की सदर काट्यावरील वजन सिस्टर नामक त्रयस्थ व्यक्तीस कळवले जाते, त्यावर औषधाची मात्रा ठरते, सबब हा व्यवहार होय. पोस्टमास्तर पुन्हा टपाल घेऊन निघाले.

अपील गेलं, पण दुसऱ्या दिवशीची सकाळ थांबली नाही. काटा बासष्ट आठशे म्हणाला, आणि तो दिवस गुरुवार होता. नऊला सिस्टर. आठ वाजता साहेबांनी दार लावून घेतलं, काटा पालथा घातला आणि खालच्या बाजूचं शून्य जुळवायचं चाक अंगठ्याने मागे फिरवलं. दीड किलो. अपिलाचा निकाल लागेपर्यंत तात्पुरती दुरुस्ती, असं त्यांनी मनातल्या मनात टिपणही केलं. मग वहीत लिहिलं, एकसष्ट तीनशे. सही केली.

सिस्टरनी वही पाहिली, ब्लडप्रेशर घेतलं, नाडी पाहिली. साहेबांनी जाड मोजे घातले होते, थंडी वाजते म्हणून. दम लागतो का? छे. वहीत आकड्यांशेजारी सिस्टरनी लाल पेनने 'छान' असं लिहिलं. त्या दिवशी साहेबांना जेवण गेलं नाही. इतकी वर्षं लोकांच्या वह्यांवर शेरे मारले, पण स्वतःला 'छान' मिळाला तो असा.

पुढच्या तीन दिवसांत चाक आणखी एक किलो मागे गेलं. आणि गंमत म्हणजे त्या तीन दिवसांत घरातलं एकेक माप बिघडत गेलं. चपला आखडल्या. मोज्यांचं इलॅस्टिक कडक झालं, ते पोटरीवर बोटभर खोल रेघ उमटवायला लागलं. कमरेला पायजमा काचतो म्हणून शिंप्यांना बोलावलं, तर त्यांनी टेप लावून सांगितलं की कंबर दोन इंच वाढलीय. साहेबांनी टेप हातात घेऊन उजेडाकडे धरली आणि म्हणाले, टेप आटलीय. शिंपी चाळीस वर्षं त्या टेपवर पोट भरत होते. ते दुखावून जिना उतरले. त्या दिवशी शेंगदाणे आले नाहीत.

साहेबांना कळत नव्हतं असं नाही. दुकानदार पकडला गेला की काय काय म्हणतो हे त्यांना पाठ होतं. हवा दमट आहे साहेब, स्प्रिंग जुनी आहे साहेब, कालपर्यंत बरोबर होता साहेब. ही वाक्यं आता त्यांच्याच आवाजात त्यांच्या कानांत वाजत होती. कुंपणाने शेत खावं आणि वर कुंपणाकडेच शेताची राखण असावी, अशी अवस्था. पण डोळे मिटले की पाठीमागच्या नाड्या दिसायच्या आणि कुणीतरी म्हणायचं, चौदा नंबर.

रविवारी पोस्टमास्तर खात्याच्या निरीक्षकांच्या घरून धापा टाकत आले. अपील मंजूर. उद्या सकाळी निरीक्षक येतायत.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं, आणि त्यांच्या अंगातलं तेवढंच काय ते पळालं. त्यांनी अर्ज मागे घेत असल्याचं पत्र तिथल्या तिथे लिहून दिलं. पोस्टमास्तर म्हणाले, आज रविवार, कचेरी बंद, पण निरीक्षकांच्या घरी नेऊन देतो. तासाभराने उत्तर आलं, की अर्ज एकदा दाखल झाल्यावर पडताळणीपूर्वी मागे घेता येत नाही. ही तरतूदही साहेबांचीच. अर्ज देऊन मग घाबरून मागे घेणारे लोक त्यांनी फार पाहिले होते.

तसं चाक पुन्हा जागेवर फिरवून ठेवता आलं असतं. साहेबांच्या मनात ते आलंही. पण मग काटा चौसष्ट म्हणेल, वही साडेएकसष्ट म्हणते, आणि नऊला सिस्टर. दोन तपासनीस, आणि काटा एक. या पेचातून सुटलेला दुकानदार त्यांनी कधी पाहिला नव्हता.

सोमवारी पावणेनऊला निरीक्षक आले. ते साहेबांचे जुने मदतनीस, आता स्वतःच निवृत्तीला आलेले. वीस वर्षं त्यांनी साहेबांमागून पेटी वाहिली होती. वीस वीस किलोंची तीन लोखंडी वजनं त्यांनी तीन खेपांत तिसऱ्या मजल्यावर चढवली. तिसऱ्या खेपेला ते जिन्यातच बसले. खालून सिस्टर येत होत्या, त्यांनी आधी निरीक्षकांची नाडी पाहिली, पाणी पाजलं, पाच मिनिटं बसवून ठेवलं, आणि मग एक वजन दोघांनी मिळून वर आणलं.

खोलीत काकू होत्या, सिस्टर होत्या, दारात पोस्टमास्तर होते. निरीक्षकांनी साहेबांना वाकून विचारलं, की सुरुवात करू का. साहेबांनी मान हलवली. निरीक्षकांनी काटा सपाट फरशीवर ठेवला आणि शून्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे पाहिलं. मग पुन्हा शून्याकडे. त्यांनी एकेक करून तिन्ही वजनं काट्यावर ठेवली.

"साठला साडेसत्तावन्न," ते हळू आवाजात म्हणाले. "अडीच किलो मारतोय, साहेब."

सिस्टरनी वही उघडली होती. त्यांनी बेरीज केली. मग त्या खाली बसल्या, साहेबांचा मोजा उतरवला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तिथे खड्डा पडला होता, आणि तो भरेना. सगळे त्या खड्ड्याकडे बघत राहिले. काकूंनी तोंडावर पदर घेतला.

निरीक्षकांनी मात्र तोवर काटा पालथा करून पाहिला होता. चाकावरच्या धुळीत अंगठ्याचा ताजा ठसा होता. ते झटकन काटा सरळ करत म्हणाले, की स्प्रिंग जुनी, कंपनीचा माल असाच असतो, मी निर्मितीदोष म्हणून लिहितो. त्यांनी पंचनाम्याचा कागद काढला आणि लिहायला सुरुवातही केली. वीस वर्षांत खोटा पंचनामा त्यांनी लिहिला नव्हता, लिहूच दिला गेला नव्हता.

"खोड ते," काटासाहेब म्हणाले.

"साहेब, राहू द्या ना. घरचा काटा."

"खोड. लिही, वापरणाऱ्याने स्वतः, समजून उमजून, चार वेळा फिरवला. पहिल्यांदा दीड किलो. तारखा वहीत आहेत."

निरीक्षकांनी लिहिलं. साहेबांनी मजकूर वाचला, 'समजून उमजून' हे राहिलं होतं ते घालायला लावलं आणि सही केली. मग त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. त्यांना वाटत होतं, आता बोलणी बसतील. बसली असती तर बरं झालं असतं.

"काका, गुरुवारीच मी मोजा काढायला हवा होता," सिस्टर म्हणाल्या. "बाकी सगळ्यांचे काढते. तुमचा नाही काढला, कारण वहीवर तुमची सही होती."

साहेब काहीतरी म्हणणार होते. त्यांना दम लागला. तेव्हा सिस्टरनी विचारलं, की रात्री झोपताना दम लागू नये म्हणून उशा किती लागतात.

"एक," साहेब सवयीने म्हणाले. मग पंचनाम्याकडे बघून म्हणाले, "तीन."

"चार," काकू म्हणाल्या. "चौथी माझी. मी झोपल्यावर घेतात. मी झोपलेली नसते."

सिस्टरनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. बोलणं पाच मिनिटं चाललं आणि त्यात चौदा नंबर हा शब्द नव्हता, तरी साहेबांना तोच ऐकू येत होता. अखेर ठरलं ते असं. लघवीची गोळी दुप्पट. पाणी बाटलीतलंच, बाहेरचा थेंब नाही. सिस्टर रोज येणार. काट्याचं शून्य निरीक्षकांनी जुळवलं, त्यावर साहेब उभे राहिले, चौसष्ट भरले. बुधवारी सकाळपर्यंत साडेबासष्ट किंवा खाली यायला हवेत. नाही आले, किंवा दम वाढला, तर ताबडतोब गाडी बोलवायची. काकू आत गेल्या आणि हॉस्पिटलची पिशवी भरून दाराशी आणून ठेवली. टूथब्रश, पंचा, चष्म्याचं घर, आणि पाठीमागच्या नाड्यांवरून घालता येईल असा एक शर्ट.

पोस्टमास्तर जाताना आपला जग उचलून घेऊन गेले. शिंप्यांना बातमी जिन्यातच लागली. ते वर आले ते रडवेले होऊन, आणि पायजमा पुन्हा सैल करून दिला. खिसा त्यांनी शिवूनच टाकला होता.

पुढचे दोन दिवस साहेबांनी खोली ते संडास या मार्गावर काढले. सहा फेऱ्यांचा विक्रम सकाळी दहाच्या आतच मोडला. प्रत्येक फेरीला काकू एका हाताने दंड धरून सोबत जायच्या आणि दाराबाहेर उभ्या राहायच्या. पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, की तू जा, मला अवघडल्यासारखं होतं. काकू म्हणाल्या, होऊ द्या. बाकी दोन दिवस त्या फारसं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर साहेबांना उत्तर देता आलं असतं. सिस्टर मंगळवारी आल्या तेव्हा त्रेसष्ट शंभर होते. त्यांनी नडगी दाबली, छाती ऐकली, डबीतल्या गोळ्या मोजल्या. वहीत 'छान' लिहिलं नाही. काहीच लिहिलं नाही.

मुलीचाही फोन आला. ती रागवायच्या तयारीने बोलायला लागली होती, पण बाबांनी पंचनामा आपण होऊन वाचून दाखवला तेव्हा तिचा आवाजच बदलला आणि ती म्हणाली, बाबा, मी येऊ का? साहेब म्हणाले, बुधवारनंतर बघू.

बुधवार उजाडला. साहेब संडासला जाऊन आले. काट्याजवळ आले. आधी शून्य पाहिलं, ही सवय जायची नव्हती. काकू बाजूला उभ्या होत्या, दाराशी पिशवी होती. साहेब काट्यावर चढले. काटा हलला, थरथरला, थांबला.

"साडेबासष्ट," काकू म्हणाल्या. "साडेबासष्टच की हो. आले."

साहेब तबकडीकडे बघत होते. काटा साडेबासष्टच्या खुणेवर होता. म्हणजे कुणालाही तो खुणेवरच दिसला असता. काकूंना दिसला, सिस्टरना दिसला असता, डॉक्टरांना दिसला असता. काट्याची आणि खुणेची जाडी यांच्यामध्ये उजवीकडे जी केसभर फट होती, ती बघणारी नजर या घरात एकच होती. साहेब बराच वेळ काट्यावरून उतरले नाहीत. मग उतरले आणि त्यांनी फोन मागितला.

"सिस्टर, बासष्ट सहाशे," ते म्हणाले. "साडेबासष्ट नाही. शंभर ग्रॅम जास्त आहेत. पिशवी भरलेली आहे, तुम्ही म्हणाल तेव्हा निघतो."

मग सिस्टरनी एकेक विचारलं. पाय? खड्डा पडतो, पण भरतो लवकर. दम? संडासापर्यंत नाही लागत. उशा?

"काल दोन," साहेब म्हणाले. "चौथी हिच्याकडे आहे."

"डॉक्टरांशी बोलून सांगते," सिस्टर म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ती वीस मिनिटं साहेबांनी पलंगाच्या काठावर बसून काढली. काकूंनी चहा केला, मोजून अर्धा कप, आणि तो तसाच निवला. मग फोन वाजला. डॉक्टरांचं म्हणणं, उतार चांगला आहे, आणखी दोन दिवस हीच गोळी चालू द्या, उद्या रक्त तपासू. घरीच.

"पण ते शंभर ग्रॅम?" साहेबांनी विचारलं.

"काका, शंभर ग्रॅम सांगणारा पेशंट मला घरी सांभाळता येतो," सिस्टर म्हणाल्या. "नऊला येतेच."

साहेबांनी फोन ठेवला आणि काकूंना सांगितलं, की मुदतवाढ मिळाली. काकू दाराशी गेल्या, पिशवी उचलली आणि पलंगावर रिकामी करायला लागल्या. शर्टाची घडी घालताना त्या म्हणाल्या, "साडेबासष्टच होते. मी डोळ्यांनी बघितलंय."

"तू उभी कुठे होतीस?"

"इथे. डावीकडे."

"तिरकं बघितलंस. काटा नेहमी समोरून वाचायचा."

"इतकी वर्षं सांगितलं नाहीत ते," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याजवळ गेल्यावर साहेबांनी काकूंना हाताने धरून समोर आणलं आणि उभं केलं. मग ते काट्यावर चढले, आणि मान वर करून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. काकूंनी पदराने चष्मा पुसला, गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या, बराच वेळ लावला आणि आकडा सांगितला.

साहेबांनी तो वहीत तसाच लिहिला, पडताळून न पाहता.